नगारखान्याच्या शोधांत

मराठवाडा पाहावयास जाणारा प्रवासी बहुधा वेरूळ, अजिंठा आणि देवगिरी एवढें पाहून माघारा फिरतो. पूर्वेकडील नांदेड व दक्षिणेकडील लातूर या जिल्ह्यांकडे त्याची पावलें क्वचित् वळतात, आणि वळलीं तर कांहीं कामानिमित्तच. आम्हीहि कामानिमित्तच गेलों. काम मात्र जरा निराळें होतें. औसा तालुक्यांतील एका लहान गांवीं आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त शिक्षक राहतात. १९९३ च्या भूकंपांत त्यांचें जुनें गांव जमीनदोस्त झालें आणि कांहीं अंतरावर नवें गांव वसविण्यांत आलें. या नव्या गांवाच्या मधल्या मोकळ्या जागेंत एक लहानशी उघडी वास्तु उभारावी आणि जुन्या गांवाची आठवण तिनें कानांवाटे करून द्यावी, अशी गुरुजींची कल्पना. दगडावर कोरलेलीं नांवें निरक्षर म्हातारीला वाचतां येत नाहींत आणि शिकलेल्या पोराला वाचावीशीं वाटत नाहींत; नाद मात्र दोघांच्याहि कानीं पडतो, असें त्यांनीं पत्रांत लिहिलें होतें. वास्तूचें स्वरूप कसें असावें याचा विचार करण्यासाठीं त्यांनीं आम्हांस बोलाविलें, तेव्हां वाटेंतील कांहीं जुनीं स्थळें पाहत जावें असें ठरवून आम्ही निघालों.

पत्र वाचतांच आमच्या डोळ्यांपुढें उभा राहिला तो नगारखाना. आपल्याकडे केवळ नादासाठीं बांधलेली वास्तु ती हीच. देवळाच्या किंवा राजवाड्याच्या महाद्वारावर एक मजला, त्याला मोकळ्या कमानी आणि माथ्यावर छप्पर, एवढीच तिची रचना. परंतु तिच्यांतील प्रत्येक गोष्टीला कारण आहे. उंची अशासाठीं कीं, आवाज घरांच्या भिंतींना न अडखळतां गांवावरून जावा. कमानी अशासाठीं कीं, तो चोहोंकडे पसरावा. छप्पर अशासाठीं कीं, पावसाळी हवेनें नगाऱ्याचें चामडें सैल पडतें आणि मग कितीहि बडविलें तरी तें बद्दच वाजतें. वादनाची वेळहि अशीच विचारानें नेमलेली. पहांटे जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्या वरची त्या मानानें उबदार असते. अशा वेळीं वर जाणारा आवाज वळून पुन्हा जमिनीकडे येतो, आणि जो दुपारीं दोन गल्ल्यांपलीकडे जात नाहीं तो पहांटे शिवेवर ऐकूं येतो. चौघडा वाजविणाऱ्या घडशांनीं हें कोणत्या पुस्तकांत वाचलें नव्हतें. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानें त्यांना तें ठाऊक होतें. घरोघर घड्याळें नव्हतीं त्या काळीं गांवाचा दिवस चौघड्यानें बांधला जाई. आणि चौघडा कोणाच्या दारीं वाजतो यावरून सत्ता कोणाची हेंहि कळत असे.

रायगडाच्या नगारखान्याची कीर्ति तर सर्वांस ठाऊक आहे. १६७४ सालीं ज्या दरबारांत शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, तेथें नगारखान्याच्या दाराशीं हलकेंच बोललेलें शब्द सिंहासनाच्या जागीं ऐकूं येतात, हा अनुभव जाणारे-येणारे घेत असतात. गोवळकोंड्याच्या फत्ते दरवाज्यांत वाजविलेली टाळी वर बालाहिसारांत पोंचते, तीहि अशीच. इमारत आवाजाला वाट करून देते, ही विद्या दख्खनला नवी नाहीं. तिचा लाभ एका लहान गांवाला कसा होईल, एवढाच प्रश्न होता.

नांदेडास आम्ही सायंकाळीं पोंचलों. गोदावरीच्या कांठीं १७०८ सालीं गुरु गोविंदसिंग येथें आले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरांत त्यांनीं येथें देह ठेविला. त्यांच्या स्थानावरील सचखंड गुरुद्वार महाराजा रणजितसिंग यांनीं १८३२ ते १८३७ या काळांत बांधविलें. संगमरवर, सोन्याचा पत्रा आणि यात्रेकरूंची अखंड रीघ यांचें वर्णन इतरांनीं पुष्कळ केलें आहे. आमचें लक्ष होतें तें आरतीकडे. दिवे फिरूं लागले, घंटा वाजल्या आणि त्यांच्या पाठोपाठ नगाऱ्याचा घोष सुरू झाला. शिखांच्या इतिहासांत नगारा हें केवळ पूजेचें वाद्य नव्हे. गुरूंनीं आनंदपुरास ‘रणजित नगारा’ करविला तेव्हां आसपासच्या डोंगरी राजांना तें आव्हान वाटलें. कारण नगारा वाजविणें हा राजाचा हक्क समजला जाई. नांदेडचा तो घोष ऐकतांना आमच्या शेजारीं उभ्या असलेल्या एका पंजाबी वृद्धानें डोळे मिटून घेतले होते. त्याला कोणी इतिहास सांगत नव्हतें. तरी सांगावयाचें कांहीं राहिलें असेंहि वाटेना.

याच नगरांत, गोविंद बागेंत, या शतकांत प्रकाश आणि ध्वनि यांच्या साह्यानें गुरूंचा इतिहास दाखविण्याची योजना करण्यांत आली. अशा खेळांचा गुण उघड आहे. ज्याला कांहींच माहीत नाहीं त्याला तासाभरांत पुष्कळ कळतें, आणि मुलांना तर ते फारच आवडतात. परंतु खेळ संपला कीं दिवे मालवतात, माणसें उठतात आणि आवाज यंत्रांत परत जातो. नगाऱ्याला रोज एक माणूस लागतो, त्याच्यामागून दुसरा लागतो. हे दोन मार्ग मनांत ठेवून आम्ही पुढें निघालों.

कंधारचा किल्ला नांदेडच्या दक्षिणेस आहे. राष्ट्रकूटांच्या काळीं हें नगर इतकें भरभराटलेलें होतें कीं, दहाव्या शतकांतील तिसरा कृष्ण राजा ‘कंधारपुरवराधीश्वर’ हें बिरुद मिरवीत असे. गांवालगतचा जगत्तुंग समुद्र नांवाचा विस्तीर्ण तलाव, किल्ल्याभोंवतालचा खंदक आणि एकामागून एक येणारे दरवाजे पाहिले म्हणजे त्या वैभवाची कल्पना येते. आम्ही गेलों त्या दिवशीं मात्र किल्ल्यांत पारव्यांखेरीज कोणी नव्हतें. एका दरवाज्याच्या कमानीखालीं आम्हीं टाळी वाजविली, तेव्हां ती भरदार होऊन लगेच परत आली. बाहेर तटासमोर, दूर उभें राहून वाजविली तेव्हां क्षणभर थांबून निराळी ऐकूं आली. यांतील मर्म असें आहे: आवाज एका सेकंदांत सुमारें ३४० मीटर जातो, आणि कानाला दोन आवाज निराळे कळण्यास त्यांच्यांत एकदशांश सेकंदाचें अंतर लागतें. म्हणून भिंत निदान १७ मीटर दूर असल्यावांचून प्रतिध्वनि उमटत नाहीं. लहान मंडपांत तो कधींच मिळावयाचा नाहीं. लहान मंडप आवाजाला फक्त बळ देऊं शकतो किंवा त्याला निर्वेध जाऊं देऊं शकतो. गुरुजींच्या वास्तूविषयीं पहिला निर्णय कंधारच्या त्या ओसाड दरवाज्यांत झाला.

पुढें उदगीर व औसा. ३ फेब्रुवारी १७६० रोजीं सदाशिवरावभाऊंनीं निजामाच्या फौजेला या मुलुखांत कोंडून जो जय मिळविला त्यांत इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा मोठा वांटा होता. त्या तहानें दौलताबाद आणि सुमारें ६० लक्षांचा मुलूख मराठ्यांस मिळाला. आणि पुढच्या जानेवारींत पानिपतावर हेच भाऊ व हाच गारदी कामास आले. औशाच्या किल्ल्यांत जुन्या तोफा पाहतांना आमच्या मनांत आलें कीं, इतिहासाचा म्हणून जो आवाज आपण वर्णन करितों तो बहुधा नगाऱ्याचा असतो किंवा तोफेचा. म्हणजे राज्य करणाराचा किंवा राज्य घेणाराचा. या दोहोंच्या मध्यें जीं खेडीं होतीं त्यांचा आवाज कोणता, हें कोठें लिहून ठेविलेलें नाहीं, आणि तो जतन करण्यासाठीं कोणी मजला चढविलेला नाहीं.

लातुरांत गंजगोलाई पाहिली. मध्यें वर्तुळाकार इमारत, आंत जगदंबेचें देऊळ आणि सभोंवार फुटणारे सोळा रस्ते, प्रत्येक रस्त्यावर निराळ्या जिनसांचा बाजार, अशी ही योजना विसाव्या शतकाच्या आरंभींची आहे. डाळी, धान्य, सोनें, भांडीं यांचा तो गलबला ऐकून आम्ही औशाच्या रस्त्याला लागलों आणि दुपारच्या सुमारास गुरुजींच्या गांवीं पोंचलों.

येथें भूकंपाची हकीकत थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. कारण ती नादाशीं जोडलेली आहे. २९ सप्टेंबर १९९३ ही अनंत चतुर्दशी होती. गांवोगांव ढोल, ताशे व लेझीम यांच्या गजरांत गणपतीचें विसर्जन झालें, आणि दमलेलीं माणसें उशिरां झोंपलीं. पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीच्या परिसरांत धरणी हादरली. लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गांवें उद्ध्वस्त झालीं आणि सुमारें १०,००० माणसें गेलीं. त्यांतील पुष्कळशीं आपल्याच घरांखालीं गेलीं. जाड दगडी भिंती चिखलांत रचलेल्या. आंतला पदर व बाहेरचा पदर यांना आरपार सांधणारा लांब दगड नाहीं. माथ्यावर मातीचें जड धाबें. उन्हाळ्यांत जें धाबें गारवा देई तेंच त्या पहांटे अंगावर आलें. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरांत धक्के बसले होते, आणि जमिनीच्या पोटांतून गडगडाट ऐकूं येतो असें लोक सांगत होते. तेव्हांपासून या भागांत खालून येणारा आवाज म्हणजे काय हें मुलाबाळांनाहि सांगावें लागत नाहीं. २०२२ च्या सप्टेंबरांत निलंगा तालुक्यांतील हासोरी येथें असे आवाज येऊं लागले, तेव्हां लोकांनीं रात्री घराबाहेर काढल्या.

सायंकाळीं देवळासमोर बैठक भरली. गांवांतील तरुण मंडळी उत्साही होती. त्यांचें म्हणणें असें कीं, चार कर्णे लावावे, रंगीत दिवे लावावे, राष्ट्रकूटांपासून भूकंपापर्यंतचा सारा इतिहास भरदार आवाजांत ध्वनिमुद्रित करून घ्यावा, आणि भूकंपाचा प्रसंग येईल तेव्हां खराखुरा वाटेल असा गडगडाट करावा. म्हणजे बाहेरचे लोक पाहावयास येतील. आम्हीं नगारखान्याचें चित्र कागदावर काढून नेलें होतें, तें हातोहात फिरलें. तेवढ्यांत पायरीवर बसलेल्या एका आजीबाई, ज्या इतका वेळ गप्प होत्या, बोलल्या: “वाजवा की. नको कोन म्हनतंय? पन राती नको. आन् खालनं आल्यावानी आवाज नको.”

बैठक एकदम शांत झाली. आजीबाईंच्या घरचीं कोण कोण त्या पहांटे गेलीं हें तेथें सर्वांस ठाऊक असावें. आम्हीं विचारलें नाहीं. मोठा नगारा नेमका तसाच वाजतो. त्याचा खर्ज कानाआधीं छातीला जाणवतो, आणि त्याचें स्थान कोणतें हें कळत नाहीं. जणूं जमीनच बोलते आहे. नांदेडास जो घोष ऐकून वृद्धाचे डोळे मिटले तोच घोष येथें पहांटे झाला तर लोक अंगणांत धांवतील. वाद्य थोर असलें तरी तें कोणत्या मातींत वाजवावयाचें हें तेथील माणसांनींच ठरविलें पाहिजे. चित्राचा कागद आम्हीं घडी करून खिशांत ठेविला.

मग जुन्या गांवाचे आवाज कोणते, याची यादी करण्यास गुरुजींनीं सर्वांस सांगितलें. एकानें बैलांच्या घुंगुरमाळा सांगितल्या, दुसऱ्यानें पिठाच्या गिरणीची पुक्‌पुक्. बायकांनीं जात्याची घरघर आणि विहिरीवरच्या रहाटाची कुरकुर सांगितली. शेवटीं चाळिशीच्या पुढचे एक गृहस्थ म्हणाले, “शाळेचा टोल.” आणि सर्वांच्या माना हलल्या. जुन्या शाळेंत टोल म्हणून रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला असे. ढिगारे उपसतांना तो सांपडला आणि नव्या शाळेच्या कोठींत पडून राहिला. गुरुजींनीं तो लगेच आणविला. हा रूळ बारीक आहे. १९११ सालीं लातुरापर्यंत आलेल्या बार्शी लाईट रेल्वेच्या अरुंद रुळांपैकीं तो असावा, असा त्यांचा तर्क. गांवांतील ज्याला ज्याला म्हणून अक्षर आलें तो तो या लोखंडाच्या हांकेनेंच शाळेंत गेला होता. ज्या मुली गेल्या नाहींत त्यांनाहि त्याच्यावरूनच दुपारची भाकरी शेतावर नेण्याची वेळ कळे.

एका तरुणानें रास्त शंका काढली. “काका, नुसता टोल ऐकून बाहेरच्या माणसाला काय कळणार?” गुरुजी म्हणाले, “बाहेरच्यासाठीं आपण फलक लावूं. हें आपल्यासाठीं आहे.” आम्हीं त्यांस हिरोशिमाची गोष्ट सांगितली. तेथील शांति उद्यानांत १९६४ सालीं एका लहान घुमटाखालीं घंटा बसविली आहे. तिच्यावर जगाचा नकाशा कोरलेला असून त्यांत देशांच्या सीमा नाहींत. ती ऐकविली जात नाहीं. येणारा प्रत्येक माणूस ती आपल्या हातानें वाजवितो. अणुबाँबचा स्फोट कसा झाला हें तेथें कोणी आवाजानें करून दाखवीत नाहीं. तरुणांचा उत्साह वायां जाऊं नये म्हणून असेंहि ठरलें कीं, त्यांनीं गांवांतील वृद्धांच्या आठवणी त्यांच्याच आवाजांत मुद्रित करून वाचनालयांत ठेवाव्या. ज्याला ऐकावयाच्या असतील त्यानें मागून घ्याव्या व कानाला लावून ऐकाव्या. आजीबाईंपासूनच आरंभ करावा असें त्या शंकाकारानेंच सुचविलें.

दुसरे दिवशीं सकाळीं सुतार, गवंडी व आम्ही असे बसून आराखडा केला. बारा फूट चौरस ओटा, दीड फूट उंच, म्हणजे चारी कडांना बसतां येईल. त्याची फरसबंदी जुन्या घरांच्या घडीव दगडांची. पण दगड वापरावयाचा तो एवढाच. बसणाराच्या डोक्याच्या वर एकहि दगड नको, ही अट बायकांनीं घातली आणि ती भूकंपशास्त्राच्या दृष्टीनेंहि योग्य आहे. चार खांब लाकडाचे. जुन्या वाड्याच्या ज्या तुळया शाबूत निघाल्या त्यांतलेच. खांब आणि आडव्या तुळया यांच्या कोपऱ्यांत तिरपे आधार, म्हणजे हादरा बसला तरी चौकट मुरडावयाची नाहीं. वर हलकीं कौलें, तारेनें बांधलेलीं. पत्रा नको; कारण तो पावसांत बोलूं देत नाहीं, आणि टोलाबरोबर स्वतःच थरथरून नाद खराब करितो. भिंत एकहि नाहीं. घट्ट दगडी जमीन आवाज शोषून न घेतां वर फेंकते, आणि चारी बाजू मोकळ्या असल्यानें तो सर्व आळ्यांना सारखा पोंचतो.

रूळ कसा टांगावा यालाहि शास्त्र आहे. पूर्वीं तो एका टोकाला भोंक पाडून उभा टांगलेला होता. आडवा टांगावयाचा झाल्यास दोन्ही टोकांपासून लांबीच्या सुमारें दोन नवमांशांवर बांधावा. लोखंडी दांडा वाजतांना मध्यभागीं व टोकांना सर्वांत अधिक हलतो, आणि या दोन जागा जवळजवळ स्थिर राहतात. तेथें बांधल्यानें त्याचा कंप दाबला जात नाहीं आणि नाद पुष्कळ वेळ टिकतो. आपला रूळ साडेचार फुटांचा, म्हणून टोकापासून एक एक फुटावर सुताचे दोर. सांखळी नको, ती किणकिणते. वाजविण्यास लोखंडी हातोडा न घेतां बाभळीच्या लाकडाची मोगरी घ्यावी, म्हणजे आवाजांतला कर्कशपणा जातो. उंची मुलाच्या छातीइतकी. कारण टोल मुलांनींच द्यावयाचा.

वेळेचा नियम सर्वांत शेवटीं झाला. रोज सकाळीं शाळा भरतांना एकच टोल. ३० सप्टेंबरला पहांटे कांहीं वाजवावयाचें नाहीं. ऊन चांगलें वर आल्यावर सर्वांनीं ओट्याभोंवतीं जमावें, मुलांनीं गेलेल्या माणसांचीं नांवें वाचावीं आणि प्रत्येक नांवानंतर एक टोल द्यावा. पहिल्या टोलाचा नाद पुरता विरल्यावांचून दुसरें नांव घ्यावयाचें नाहीं. “मग फार वेळ लागंल,” असें कोणी म्हणालें. “लागूं द्या,” गुरुजी म्हणाले.

निघण्यापूर्वीं रूळ तात्पुरता कडुनिंबाच्या फांदीला बांधून पाहिला. एका लहान मुलीनें मोगरी दोन्ही हातांनीं धरून एकदां मारली. स्वच्छ, किंचित् गोड असा स्वर निघाला आणि हळूहळू पातळ होत गेला. गांवाच्या टोंकाला उभ्या केलेल्या मुलानें हात वर केला. तेथवर पोंचला होता. आजीबाई पायरीवरून मान वर करून फांदीकडे पाहत होत्या. “ह्यो वरनं येतोय,” त्या म्हणाल्या, “ह्याला काय भ्यायचं?” आणि त्यांनीं त्या मुलीला आणखी एकदां वाजवावयास सांगितलें.

गुरुजींचें पत्र नुकतेंच आलें आहे. खांब उभे झाले, कौलें चढावयाचीं आहेत. टोल देण्याचें काम चवथीच्या वर्गाकडे सोंपविलें असून पाळीपाळीनें प्रत्येक मुलाचें नांव वहींत लिहिलें आहे. पहिल्या दिवशीं कोणाची पाळी, यावरून सध्यां वर्गांत मोठें भांडण चाललें आहे, असें ते लिहितात.